पहिलं पाऊल टाकाच्या आंधी

आमी माळी लोकं, बापू. मातीत हात आन डोक्यावर टोपली, दुसरं काई येत नाई आमाले. माहं माहेर अकोल्याच्या अलीकडचं, मोर्ना नदीच्या काठी बापाचा वांग्या-मेथीचा मळा होता, आन सासर हे असं, अमरावतीहून दोन कोसावर. बाराव्या वर्सी लगन होऊन आली मी अथी, लुगडं पायात येऊन पडे असं वय. सासऱ्याचा मळा फुलाचा, झेंडू, शेवंती, थोडा मोगरा, आन अंबादेवीच्या देवळात आमच्या घरची फुलं जात, थो मान होता आमचा. टोपली घरच्या सुनेनंच न्यावी, डोक्यावर न्यावी आन अनवानी न्यावी. देवीची फुलं डोक्यावर असताना पायात वहान घालनं म्हंजे पाप, असं मानत आमच्यात. माह्या सासूनं नेली, मंग माह्या डोक्यावर आली.

पहिले काई वाटे नाई. रस्ता मातीचा होता, पाय मऊ पडे. मंग इंग्रज सरकारनं सडक केली, गिट्टी टाकली, वरून रूळ फिरवला, सारे म्हने वा वा, काय सडक झाली. गाडीवाल्याइले वा वा, साहेबाच्या मोटारीले वा वा. माह्या टाचाइले कोनी इचारलं नाई. रोज दोन कोस जानं, दोन कोस येनं, आल्यावर मळ्यात दिवसभर उभं राहून फुलं तोडनं. पहिली पोरगी झाली आन वर्साच्या आत टाच धरली. काय सांगू तुमाले, दिवसा एखाद वेळेस चालून जाय, पन सकाळी उठून पहिलं पाऊल भुईले टेकवलं का बाभळीचा काटा टाचेतून मेंदूत गेल्यावानी कळ येई. भिंत धरून, चवड्यावर, लंगडत लंगडत चुलीपाशी जावं. दहा पावलं चालली का जरा मोकळं वाटे. म्हनून कोनाले खरं बी वाटे नाई. काल तर चालून राह्यली होती, म्हनत.

इलाज का कमी केले? रुईचं पान तापल्या इटेवर ठेवून त्याच्यावर टाच देल्ली. एकानं सांगतलं बिब्बा घाला, बिब्बा घातला, तर टाच उतून टम्म फुगली, पंधरा दिवस भुईले पाय लावता आला नाई. त्यातच एक बुढा आला, त्यानं लोखंड तापवून दोन्ही टाचा डागल्या, हे पाहा डाग, अजून हायेत. मी ओरडली नाई. दात खाऊन बसली. पन दुखनं जिथल्या तिथं.

त्या पंधरा दिवसांत टोपली सासूनं नेली, म्हातारपनी. आन एक दिवस चुलीपुढं बसून ती माह्या नवऱ्याले म्हने, घराले पायाची बाई पाहिजे, मोर्शीकडं आपल्याच लोकाइत एक पोट्टी हाय, दुसरी करून घे. मी तिथंच भाकर थापून राह्यली होती. नवरा? हो नाई का नाई नाई, खाली मान घालून जेवला न् उठला. मले सासूचा नाई आला तेवढा राग त्याचा आला, बापू, आता थो राह्यला नाई तरी सांगतो. तव्यावरची भाकर जळली तरी मी उलटवली नाई.

दुसऱ्या दिवशी मीच म्हनलं, मले माहेरी धाडा. बडनेऱ्याले आगगाडीत बसवून देल्लं मले, कडेवर पोरगी, आन सासूनं निरोप देल्ला का पाय धड झाले तर ये, नाईतर खुशाल राह्य तिकडंच.

माहेरी एक न्हावीन होती, सखूमाय. बाळंतिनीचं आंग रगडे, लचक काढे, बोटं अशी का चिमट्यावानी. तिनं माही टाच पाह्यली, डाग पाह्यले, आन पहिले तर शिव्या देल्ल्या, डागनाऱ्याच्या सात पिढ्याइले. मंग टाच सोडून तिनं पोटरी धरली आन आंगठा रोवला, तशी मी किंचाळली! डागताना ओरडली नाई थी मी. म्हने, पाह्य पारबते, दुखते टाच आन गाठ हाय अथी. दोरी इकून ताठली का खुंटा तिकून उपटतेच. साऱ्या दुनियेनं खुंट्याले डागलं.

दोन महिने राह्यली मी तिच्या हाताखाली. तिनं नुसतं चोळलं नाई, मले शिकवलं. तिळाचं तेल कोमट करावं. पहिले पोटरी, वरून खाली, आंगठ्यानं, जिथं गाठ लागन तिथं थांबावं, दम खावा, घाई करू नाई. मंग तळव्याचा खोलगा, टाचेकडून बोटाइकडं. मंग पायाची बोटं हातानं आपल्याकडं ओढून धरावी. शेवटी काशाची वाटी, तुपाचं बोट लावून तळव्यावर गोल गोल, तळवा काळा पडेपर्यंत. आन हे सारं अंथरुनातच, पहिलं पाऊल टाकाच्या आंधी. म्हने, हे चुकलं तर मले दोष देजो नोको. आन वहान घाल, म्हने. म्या म्हनलं, वहान कशी घालू व, देवीची फुलं असतेत डोक्यावर. तर म्हने, मंग जाय, मर.

मायनं काशाची वाटी देल्ली आन मी नवरात्राच्या दोन दिवस आंधी परत आली. घरात पाय ठेवला न् ठेवला तर ओसरीवर मोर्शीचाच विषय. म्या पदर खोचला. म्हनलं, आत्याबाई, नवरात्राच्या नऊ दिवस टोपली मी नेतो. दुप्पट फुलं असतेत, दुप्पट नेतो. एक दिवस जरी चुकली तर आना तिले, मी सोता तिचं माप ओलांडून घेतो. नवऱ्यानं मान वर केली. सासू म्हने, बरं.

मंग काय! पहाटे सारे झोपलेले असत आन मी अंथरुनात बसून पोटरी रगडत असे. सासू उठे, पाहे, म्हने, राणीसाहेबाची मालिश चालू हाय. चालू हाय, म्या म्हनलं, तुमाले बी करून देऊ का? ती झाडनी उचलून आंगनात जाय. पहिली माळ झाली, दुसरी झाली, तिसरी, चौथी. टाच दुखे, नाई म्हनत नाई मी, पन पाय पुढं जाय. पाचव्या दिवशी नवरा हळूच म्हने, गाडी जुंपू का? म्या म्हनलं, आता तोंड फुटलं तुमाले! भाकर जळत होती तव्हा कुठं गेलं होतं? आन टोपली डोक्यावर घेऊन निघाली.

सातव्या माळेले लय फुलं तोडली. संध्याकाळी अशी पडली का पहाटे चोळाले जाग आली नाई. आठव्या दिवशी झुंजूमुंजू झालं तर सासू बाहेरून ओरडली, वासरू सुटलं व, शेवंतीत घुसलं! मी तशीच उठली न् धावली. पहिलं पाऊल. न चोळता. दारातच पडली, बापू. टाच अशी धरली का दोन्ही हातानं उंबरठा धरून उठाले गेली तरी उठता येईना. टोपली भरून तयार, दिवस वर येऊन राह्यला, आन मी भुईवर. मले रडू आलं. दुखन्याचं नाई व ते, आठव्या दिवशी हरली याचं. म्या सासूले म्हनलं, रांगत जाईन पन जाईन.

सासू वासरू बांधून आली. माह्याकडं पाह्यलं. आत गेली, मले वाटलं आता नवऱ्याले उठवते न् सांगते, पाह्य, झालं. तर ती कोनाड्यातून काशाची वाटी घेऊन आली, माह्यापुढं बसली आन माहा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. सासूनं! मी पाय मागं ओढला, म्हनलं आत्याबाई, काय करता, पाप लागन मले. तिनं घट्ट धरला. म्हने, आज अष्टमी, आज पोरीबाळीचे, सवाष्नीचे पाय धुतेत का नाई? मी धुवाच्या जागी चोळतो. बोलू नोको. सांग, कुठं दाबाचं.

अन् चोळता चोळता बोलत गेली. म्हने, मी या घरात दुसरी म्हनून आली, ठावं हाय तुले. पहिली बी भिंत धरूनच उठे. तिनं टोपली माह्या डोक्यावर ठेवली आन कोपऱ्यात बसली, मरेपर्यंत तिच्या पायाकडं कोनी पाह्यलं नाई, म्या बी नाई. मले वाटे घर असंच चालत असन, एकीचे पाय संपले का दुसरी आनाची. माही बी टाच दुखते व, किती वर्सं झाली. कोनाले सांगू?

दोघी रडलो, खरं सांगतो. मंग मी उठली, चार पावलं टाकली, आन टोपली डोक्यावर घेतली. आठवी गेली, नववी बी गेली. दसऱ्याच्या दिवशी सासूनं चांभाराकडून एक वहानाचा जोड आनला, माह्या पायापुढं ठेवला आन म्हने, देवळाची पायरी आली का काढजो. गावानं नावं ठेवली. सासू म्हने, ज्याले बोलाचं असन त्यानं टोपली घेऊन दोन कोस चालून दाखवावं. मोर्शीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाई. त्या पोट्टीले चांगलं घर भेटलं म्हनतेत, बरं झालं, तिचे बी पाय वाचले.

सासू पुढं चौदा वर्सं जगली, रोज सकाळी मी तिचे पाय चोळले, तिनं माहे. ती गेली तव्हा तळवे कसे गुळगुळीत होते. आता सडकेवर मोटारी धावतेत, इकून तिकून बाया येतेत माह्याकडं, भिंत धरून येतेत आन मी शिकवतो, घरी करा म्हनतो. वाटी पातळ झाली हाय, उजेडात धरली तर फुटन का काय असं भेव वाटते. माह्या सुनेले लाज वाटते, मी पाय मागितला का मागं घेते, म्हने मायजी, लोकं काय म्हनतीन. मी म्हनतो, या घरात सासूनं सुनेचा पाय धराचा, थो मान हाय आपला. दे पाय इकडं.

तुमची माय हाय ना, बापू? सकाळी कशी उठते, कधी पाह्यलं का? उद्या पाहा. देव तुमचं भलं करो.