पापणी आणि काचेची सुई

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे मोठे पाहुणे, प्रयोगशाळेतली सगळी मंडळी आणि जागा नाही म्हणून मागे उभी राहिलेली लेकरं, सगळ्यांना या आजीचा नमस्कार. माझी शाळा जेमतेम, तरी माइक दिलात.

नात आज इथून दुसऱ्या संस्थेत चालली. तिचं काम चपट्या कृमींवर. शेंबडासारखा मऊ जीव हो, हाड ना कवच. कठीण काय, तर अंगात एक बारीक सुई, काचेसारखी. ती कशासाठी, ते मी या वयात भरसभेत सांगणार नाही. काचेखाली दाबलं की किडा विरून जातो, सुई तेवढी उरते.

किडा चिमट्याने उचलला तर फाटतो. म्हणून काडीला पापणीचा केस चिकटवतात. नातीच्या काडीवरचा केस माझ्या लेकीचा, म्हणजे तिच्या आईचा, माझ्याच आरशासमोर उपटलेला. लेक इथेच, नातीच्याच टेबलाशी काम करायची. नात लहान असतानाच ती वारली.

लेक म्हणायची, या कृमींच्या दोन जातींची सुई सारखी, म्हणजे त्यांचा पूर्वज एकच. नातीने सुईचे काप काढून मोठ्या यंत्राखाली पाहिले. एकीची सुई पेशीच्या आत घडते, दुसरीची बाहेर, पेशींखालच्या पडद्यातून. म्हणजे दोन्ही घराण्यांनी आपापली घडवली. सारखी दिसते, एवढंच.

पोर घरी आली ती चपला न काढताच बसली. "आजी, आईचं चुकलं. आणि शोधलं मी तिच्याच पापणीने. छापू कशी?"

मी म्हटलं, "ती असती तर आधी भांडली असती, मग हरली असती, मग गावभर मिरवली असती. तू गप्प बसलीस तर यातलं तिला काय मिळेल गं?"

छापलं तिने. त्याचाच हा सत्कार.

काडी मात्र प्रयोगशाळेची, इथेच राहणार. म्हणून मघाशी सरांनी मला सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून बघायला बसवलं. पांढरा उजेड, मध्ये सुई, आणि कडेने आलेली काळी, वाकडी, केवढी थोरली पापणी. मी ओळखणार नाही होय? ती सुईकडे सरकली, थांबली, एकदा लवली.

"पोरी, हात हलवू नकोस," मी म्हटलं.

मागून नात म्हणाली, "आजी, काडी केव्हाच टेकवून ठेवलीये. माझा हात नाही त्यावर."

पंख्याचा वारा असेल. पण लेकीला पटलेलं दिसतंय.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर म्हातारीचं समजून पोटात घाला.