गोड चहासोबत गोळी

आमच्या जावा बेटावर गरोदर बाईला राणीसारखं जपतात, असं आम्ही अभिमानाने सांगतो. राणीने काय खायचं-प्यायचं, ते मात्र दरबार ठरवतो. परवा गावच्या आरोग्य केंद्रात माझ्याशेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेला आठवा महिना होता. सुईणबाईंनी तिचं रक्त तपासून तिला नुकतंच बाहेर पाठवलं होतं.

"रक्त साडेसातच? अगं लास्त्री, लोहाची गोळी तर मी रोज माझ्या हाताने दिली."

"दिलीत की, आई."

"एक दिवस चुकवला नाही."

"नाही ना. चहाही नाही चुकवलात."

"पोटुशीला गोळी काय नुसत्या पाण्याने द्यायची? काळाकुट्ट उकळून, तीन चमचे साखर घालून दिला."

"त्या चहानेच गोळी अंगी लागली नाही म्हणतात."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"सांगितलं होतं. मीच तुम्हाला बोलले नाही."

"का गं?"

"तुम्ही पहाटे उठून करायचात. नको कसं म्हणू?"

"म्हणायचंस की, वेडे! वाईट वाटलं असतं मला, वाटू द्यायचं. आता गावात बाळंत होऊ देतील का तुला?"

"नाही. शहरात रक्त चढवणार, आणि बाळंतपणही तिथेच."

"मी येते. तिथे पाण्याने देईन गोळ्या. साध्या पाण्याने."

"सोबत एकालाच राहू देतात, आई."

"मग मीच की!"

"हे रजा टाकून निघालेत."

अकरा वाजता गाडी आली. सून मागे बसली, आणि तिच्याशेजारी तिचा नवरा.