काचेले हात नोका लावू

...नाई, हसा तुम्ही, पण तुम्हाले सांगतो, तीन वर्षं मी एकच वाक्य बोलून राह्यलो, 'काचेले हात नोका लावू!' नखाएवढी काच, तिच्यावर माह्या हातानं चढवलेला थर, इतका पातळ का डोळ्याले दिसत नाई, अन् लोक इचारतात, 'काऊन रे अमर, कोरी काच घेऊन काय फिरून राह्यला?' कोरी म्हणे! काच पाण्यात बुडवायची, बारीक करंट सोडायचा, अन् पाण्यात शिसं असलं, अख्ख्या विहिरीत चिमूटभर असलं तरी कॉम्प्युटरवरची रेघ टुणकन उठली पाह्यजे. तीन वर्षं उठली नाई. आडवीच. इकडं नालवाडीत आई सांगत फिरते, पोरगा डॉक्टर होऊन राह्यला, म्हणून शेजारची मंदाकाकू सकाळीच गुडघा घेऊन दारात, 'सावंगीच्या दवाखान्यात लय गर्दी राह्यते बाप्पा, तूच पाह्य.' आता काकूले पीएचडी कशी समजावू? पाह्यतो गुडघा.

अन् यंदा, दसऱ्याच्या तोंडावर, रेघ उठली. साध्या पाण्यात गप, शिशाच्या पाण्यात टुणकन. रडलो मी, खरंच रडलो. दसरा झाला का परीक्षक येणार होते, मुदतवाढ संपलेली, आता नाई तं कधीच नाई. काच यंत्रात बसवली, वर चिठ्ठी डकवली, हात नोका लावू.

खंडेनवमीले आमचे रूपराव सर, म्हणजे माहे गाईड, लॅबमधल्या यंत्रांची पूजा करतात. मी झेंडू आणाले गेलतो. येऊन पाह्यतो तं माह्या काचेवर मधोमध केशरी टिळा!

'सर... हे?'

'अरे, आपलं मुख्य यंत्र ना हे! मुद्दाम मारुतीच्या पायाचा शेंदूर आणला.'

आता तुम्हाले सांगतो, तो शेंदूर कशाचा करतात? शिशाचा! शिसं हुडकणाऱ्या काचेले सरांनी शिसंच फासलं. पुसलं, धुतलं, काई उपयोग नाई. नवी काच करावी तं ही एक जमाले तीन वर्षं लागलती.

परीक्षक आले. साधं पाणी ठेवलं, रेघ वर. त्यांनी आपल्या बाटलीतलं ओतलं, रेघ आणखी वर. चष्मा काढून म्हणतात, 'म्हणजे तुमच्या मते मी घरून शिसं पीत आलो?' काय सांगू? काच खरं तेच बोलून राह्यलती, शिसं होतंच, फक्त पाण्यात नव्हतं. पण बाजूले सर बसलेले, कपाळावर तोच शेंदूर, अन् माह्या थीसिसवर सही त्यांचीच लागते. शेंदराचं नाव नाई काढलं. नापास. नोंदणी रद्द. सही आता कशावर करतात?

सरांनी खांद्यावर हात ठेवला. 'अमर, देवाच्या मनात नव्हतं.'

'हो सर,' म्हटलं, 'मारुतीच्या तं नव्हतंच.'

घरी आलो तं मंदाकाकू दारात, आता दुसरा गुडघा घेऊन. 'आलेत का डॉक्टर?' म्हटलं, आलो काकू, दाखवा. काकूनं पाय पुढं केला अन् म्हणते कशी, 'पाह्य बाप्पा... पण हात नोको लावू.'