दीपगृहाचा पडदा

जोयडा स्टँडवर कारवारची बस अजून लागली नव्हती. वैष्णवीच्या हातात मोबाइल होता, कान मात्र शेजारच्या बाकावर. तिथं गुंदहून आलेलं म्हातारं जोडपं टेकलं होतं, गणपती आणि बाळी.

"पिशवीत काय भरलंस एवढं?" गणपतीनं विचारलं.

"पडदा. तुमच्या दिव्याचा. नोकरीतल्या शेवटच्या सुट्टीत सांगितलेला."

"अगं, बेटावरचं दीपगृह बंद होऊन सोळा वर्षं झाली. आता पिकनिकची माणसं होडीनं जाऊन फोटो काढत्यात."

"ठावं हाय. आपण पण त्याच होडीनं जायाचं."

"उन्हानं भिंग तापून आग लागू नये म्हणून दिवसा पडदा ओढायचो. आता भिंगच काढून नेलंय, मग पडदा कशाला?"

"बावीस वर्षं तुमी सुट्टीला येताना माप आणायचा आणि मी शिवायची. घरच्या माणसांना तिकडं न्यायची परवानगी नव्हती. माप मला तोंडपाठ हाय, जागा बघितलेली न्हाई."

वैष्णवीनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"तिथला वाचमन हसंल आपल्याला," गणपती म्हणाला.

"हसू दे. एकदा लावून बघते, बसतो का. मग काढून आणू."

बस आत वळली. गणपतीनं पिशवी आपल्याकडं ओढली आणि आत हात घालून कापडाची कड चाचपली.

"नेफा केलायस. दोरी कुठाय?"

"दोरी कायम तुमीच ओवायचा न्हवं?"

"व्हय. कारवारात घेऊ. ऊठ, खिडकीची जागा धर."