दोन शिट्ट्या म्हणजे चला

जबाब

नाव ओळखपत्राप्रमाणे, प्रत सोबत जोडली आहे. कामावर हाक मारतात ते नाव शेपटी. वय ३१ वर्षे, धंदा नोकरी, वणवा विझवणारं पथक. राहणार टेकडीवरच्या रस्त्याचं शेवटचं घर, सासूबाईंसोबत.

मी ठाण्यात आपल्या पायांनी आले आहे. मला कुणी पढवून पाठवलेलं नाही. विचारलं त्यावरून, जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच समक्ष सांगते की,

मी या पथकात चार उन्हाळे काढले आहेत. आम्ही दहा जण. प्रमुखांना सगळे आबा म्हणतात. आगीच्या वाटेवरची झुडपं कापायची, पाला खरवडायचा आणि नुसती माती उघडी करायची, हे आमचं काम. त्या पट्टीला जाळरेषा म्हणतात. आगीला पुढे खायला मिळालं नाही की ती तिथे थांबते. पाणी म्हणाल तर पाठीवरच्या पंपात असेल तेवढंच. जंगलात आम्ही एकामागे एक चालतो, आबा पुढे आणि मी शेवटी. कुणी मागे राहिलं नाही ना, हे बघायचं काम माझं, म्हणून मी शेपटी. पहिल्या वर्षी या नावाचा राग यायचा. आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली की वाटतं, काहीतरी बिनसलंय.

यंदाचा उन्हाळा वाईट आहे. एक वणवा आटोक्यात येतो तोवर दुसरीकडून फोन. करवत चालवणाऱ्याला आम्ही पैलवान म्हणतो, तो हल्ली उभ्या उभ्या झोपतो. आबा त्याच्यावर खेकसतात आणि मग आपला डबा त्याच्यापुढे सरकवतात. या नऊ जणांशी मी सख्ख्या भावाशी भांडले नसेन इतकी भांडले आहे. त्यांच्याशिवाय मला करमत नाही, हेही लिहून घ्या.

मुद्द्यावर या असं साहेबांनी सांगितलं. हा मुद्दाच आहे, पुढे कळेल.

माझे पती मालवाहू जहाजावर असतात. घरी सासूबाई आणि मी. सासूबाई बसच्या कंडक्टर होत्या, नोकरी संपून आठ वर्षं झाली. त्यांची पितळी शिट्टी अजून दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असायची. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. घरातही त्यांचा तोच कारभार. मी सकाळी बूट घालताना रेंगाळले की स्वयंपाकघरातून दोन शिट्ट्या ऐकू यायच्या. शेजाऱ्यांना हे माहीत आहे.

माझी नोकरी त्यांना आवडत नाही. लग्न होऊन आले तेव्हाच म्हणाल्या, "मुलगा पाण्यात, सून आगीत. मी कुणाची वाट बघायची ते तरी ठरवून द्या." तरी मी कितीही उशिरा आले तरी त्या जेवायच्या थांबलेल्या असतात. विचारलं तर म्हणतात भूक नव्हती. मग समोर बसून पहिला प्रश्न, "आज काय जळलं?"

मग मी सांगते. मिठाची बरणी म्हणजे टेकडी, चमचे म्हणजे आम्ही. त्या पाण्याचा पेला सरकवत विचारायच्या, "आणि वारा असा फिरला तर?" मी म्हणायचे, "तर काळ्यात जायचं, आई." जळून गेलेल्या जागेला आम्ही काळं म्हणतो. तिथे आगीला खायला काही उरलेलं नसतं, म्हणून ती परत येत नाही. एकदा त्यांनी विचारलं, "आणि जवळ कुठे काळं नसलंच तर?" मी म्हटलं, "तर करून घ्यायचं. गवत असलं की चटकन होतं." एवढं बोलून मी जेवायला लागले. त्या चमच्यांकडे बघत बसल्या होत्या.

तुम्हीच त्यांना आग लावायला शिकवलं का, असा प्रश्न मला विचारण्यात आला. मी शिकवलं नाही. मी जेवत होते.

घटनेच्या दिवशी आम्ही आमच्याच घराच्या खालच्या घळीत जाळरेषा काढत होतो. घळीपलीकडची टेकडी सकाळपासून पेटलेली होती. निघताना सासूबाईंना सांगितलं होतं की आज लांब नाही, गच्चीवरून आमच्या पिवळ्या टोप्या दिसतील. हे मी त्यांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं.

दुपारी आपल्या ठाण्याची गाडी भोंगा लावून, मागे रिकामी बस घेऊन आमच्या रस्त्यावर आली आणि घरं रिकामी करायला सांगितली. शिपायाने सासूबाईंना बसमध्ये पुढच्या दाराने चढवलं आणि यादीत त्यांच्या नावापुढे खूण केली; तसं आम्हाला खाली वॉकीटॉकीवर कळलंही. यादी बरोबर आहे. त्या चढल्या होत्या. मागच्या दाराने उतरल्या, त्याला यादीत रकाना नव्हता. ज्या बाईने जन्मभर मागच्या दारात फुकटे प्रवासी पकडले, तिला बसमधून उतरायला कुणी शिकवावं लागत नाही. यात शिपायाची काही चूक नाही असं माझं मत आहे. का उतरलात, या प्रश्नावर सासूबाईंनी त्यांच्या जबाबात गॅस बंद करायचा राहिला होता असं सांगितलं आहे. गॅस बंद होता. सकाळी मीच त्यांच्यासमोर बंद केला होता.

त्यानंतर वारा फिरला. ठिणग्या आमच्या डोक्यावरून उडून घळीच्या तोंडाशी पडल्या आणि आमच्या खाली आग लागली. समोरच्या कड्यावर वनखात्याचा टेहळणीवाला होता, त्याने वॉकीटॉकीवर लगेच सांगितलं. पण आमची गाडी खाली, वाट खाली, आणि आगही खाली. आग चढावर माणसापेक्षा भराभर चढते. आबांनी अवजारं टाकायला लावली आणि वर निघा म्हणाले. वर म्हणजे आमच्या घरामागचा गवताचा माळ. कमरेएवढं गवत, उन्हाने कडकडीत वाळलेलं. मागे आग असताना अशा गवतात शिरणं म्हणजे काय, ते आम्हा दहाही जणांना ठाऊक होतं. पैलवानाची झोप पार उडाली होती.

अर्ध्या चढावर वरूनही धूर दिसला. आता दोन्हीकडून, असं म्हणून आबा थांबले. आबा कधी थांबत नाहीत. नवऱ्याचा चेहरा आठवावा असं वाटत होतं, पण आठवत होते ते मिठाच्या बरणीजवळचे चमचे.

तेवढ्यात वरून दोन शिट्ट्या ऐकू आल्या. थांबून परत दोन.

मी आबांना ओरडून सांगितलं, "वर चला. आई आहेत."

आबा म्हणाले, "कुणाच्या?"

मी म्हटलं, "माझ्या. सासूबाई. त्यांनी काळं केलंय."

"त्या बसमध्ये होत्या ना?"

मी म्हटलं, "त्या बसमध्ये राहतील असं तुम्हाला वाटलं?"

आबांनी सासूबाईंना फक्त एकदाच पाहिलं आहे, पथकाच्या जेवणाला. त्या वेळी त्यांनी आबांना रांगेत उभं केलं होतं. बहुतेक त्यावरूनच त्यांना पटलं. ते वळले आणि शिट्टीच्या रोखाने निघाले. धुरात पुढच्याची पाठ दिसत नव्हती. शिट्टी होती म्हणून दिशा कळली.

वर माळ जळून गेला होता. जमीन गरम, काळी, आणि पार रिकामी. मधोमध सासूबाई उभ्या होत्या, तोंडाला ओला पदर, भुवया जळालेल्या, एका चपलेचा तळ वितळलेला. फरशी पुसायच्या काठीला टॉवेल गुंडाळून, तो रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी गवत पेटवलं होतं. एकेक जण धुरातून वर येत होता आणि त्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून त्याला मागे ढकलत होत्या, बसमध्ये माणसं आत सरकवतात तसं. नऊ जण आले तरी त्यांनी शिट्टी थांबवली नाही. आबांनी सांगून पाहिलं की बाई, आता दम घ्या. त्यांनी ऐकलं नाही. मी शेवटची असते हे त्यांना माहीत होतं.

मी वर आल्यावर त्यांनी एक शिट्टी वाजवली. मग शिट्टी तोंडातून काढली आणि तिथेच राखेत बसल्या. मला म्हणाल्या, "किती उशीर." मी रडले. पैलवानही रडला, पण त्याचं म्हणणं आहे की धूर होता. खालची आग माळापर्यंत आली, आमच्या दोन्ही बाजूंनी गेली आणि काळ्याच्या कडेला विझली.

आता तक्रारीबद्दल. शेजारचे कंपाउंडरकाका यांची मागच्या अंगणातली लाकडी खोली या प्रकारात जळाली. त्या खोलीत ते बरीच वर्षं एक होडी बांधत होते. टेकडीवर होडी कशाला, असं सगळे त्यांची थट्टा करायचे, मीही केली आहे. ती पुरी व्हायला आली होती. काकांचं नुकसान खरं आहे आणि ते खालच्या वणव्याने नाही, सासूबाईंनी लावलेल्या आगीने झालं आहे. अशी आग वरच्या टोकाने लावायची असते, म्हणजे ती हळूहळू उतरते आणि हाताबाहेर जात नाही. त्यांनी खालच्या टोकाने लावली. ती धावत वर गेली. त्यांनी आमची भिंत पाण्याने भिजवली होती, काकांची खोली भिजवायला वेळ मिळाला नाही. मी घरी त्यांना विचारलं, "आई, खालून का लावलीत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही तिकडूनच येणार होतात ना."

काकांनी तक्रार अनोळखी इसमाविरुद्ध दिली होती. ते कळताच सासूबाई बाहेरची साडी नेसून स्वतः ठाण्यात आल्या आणि अनोळखी कशाला, ती मी, असं म्हणाल्या. त्यानंतर काकांना कुठे बघावं ते कळेना. सध्या दोघं बाहेरच्या एकाच बाकावर बसले आहेत. पैलवानाने काकांना शब्द दिला आहे की उन्हाळा संपला की फळ्या तो कापून देईल आणि आम्ही सगळे हात लावू. काका बघू म्हणाले.

साहेबांनी काल मला चांगल्या मनाने एक गोष्ट सुचवली. उन्हाळ्यात उघड्यावर आग लावणं हा गुन्हा आहे, त्याला शिक्षा आहे. पण सासूबाईंचं वय झालं, त्यांना हल्ली भान राहत नाही, आपण काय करतो ते त्यांना कळलं नाही, असं मी जबाबात म्हटलं तर प्रकरण इथेच मिटेल. हे लिहू नका असं साहेब आत्ता म्हणत आहेत. मी म्हणते लिहा, कारण त्यांचा हेतू वाईट नव्हता.

मी रात्रभर त्याचा विचार केला. सासूबाईंना विचारलं नाही, विचारलं असतं तर मलाच दोन शब्द ऐकावे लागले असते. त्यांना तुरुंगात जाताना बघायची माझ्यात ताकद नाही. पती घरी आल्यावर त्यांना काय तोंड दाखवू, हेही मनात येतं. एक सही केली की त्या घरी आणि मी कामावर. पण ती सही केली तर त्या माळावर जे झालं, ते एका म्हातारीच्या हातून चुकून झालं असं कायमचं लिहिलं जाईल. ते मला जमणार नाही.

म्हणून सांगते की, आग लावताना माझ्या सासूबाई पूर्ण शुद्धीवर होत्या. खाली आम्ही आहोत हे त्यांना दिसत होतं. गवत पेटवलं तर काय होईल हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ती आग जाणूनबुजून लावली, आणि मी वर यावं म्हणून लावली. त्यात आणखी नऊ जण वाचले. हे आबांच्या आणि पथकातल्या प्रत्येकाच्या जबाबाशी पडताळून बघावं. याची जी शिक्षा असेल ती असो. त्या तारखेला जातील तेव्हा आम्ही दहा जण सोबत जाऊ, आणि त्या दिवशी वणवा लागला तर निदान मी तरी जाईन.

जप्त केलेल्या वस्तूंबद्दल. काठी, अर्धवट जळालेला टॉवेल आणि पितळी शिट्टी या वस्तू मला दाखवण्यात आल्या, त्या मी ओळखल्या. टॉवेल माझा आहे, लग्नात आलेला, चांगला जाड होता. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. काठी आणि टॉवेल पाहिजे तितके दिवस ठेवा. शिट्टी मात्र आजच परत मिळावी अशी विनंती आहे. पुरावा म्हणून लागलीच तर मी स्वतः आणून देईन. उन्हाळा अजून संपलेला नाही. आमचं पथक उद्या पुन्हा त्याच डोंगरात निघतंय, आणि सासूबाई गच्चीवर बसणार आहेत.

वरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडं असल्याने तो बाहेर बाकावरही ऐकू गेला. तिथून सासूबाईंनी, गॅस बंद होता हे आपल्याला माहीत होतं, तेवढं आपल्या आधीच्या जबाबात सुधारून घ्या, असं सांगितलं. माझं म्हणणं मी सांगितलं तसंच उतरलं आहे, त्यात मला काही बदलायचं नाही, म्हणून खाली सही करते.