गोळ्यांच्या वहीतली शेवटची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि नवी पेठेतले ज्येष्ठ कापड व्यापारी माननीय चन्नवीरअण्णा, व्यासपीठावरील माझे वकील बंधू-भगिनी, सत्कारमूर्ती मथुराबाई, आणि मागच्या रांगेत जेवणाच्या वासाकडे तोंड करून बसलेल्या तमाम मित्रहो,

मथुराबाई तेहतीस वर्षांनी आज माझ्या ऑफिसातून निवृत्त होत आहेत. कारकून म्हणून लागल्या होत्या. मालक कधी झाल्या, ते मला कळलंच नाही. चार चांगले शब्द बोला, असा मला आदेश आहे. आदेश त्यांचाच.

अण्णांनी माझी ओळख 'जहाजावरच्या कामगारांना न्याय मिळवून देणारे महेश्वर वकील' अशी करून दिली. टाळ्याही पडल्या. त्या टाळ्या परत करायला मी उभा आहे. अहो, माझा बोटीशी संबंध तलावातल्या पायडलच्या बोटीपुरता!

आमच्या ऑफिसात औषधांचा एक डबा आहे. त्यातली साधी पित्ताची गोळी घेतली, तरी बाई वहीत नाव, तारीख, काय होतंय ते लिहितात आणि सही घेतात. पक्षकाराची, शिपायाची, माझीसुद्धा. या वहीची मी किती थट्टा केली असेन? विचारू नका.

सहा वर्षांपूर्वी कुंभारीचा यशपाल आला, सोबत पत्नी संघप्रियाताई. हा मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला होता. घरी आला आणि पंधरा दिवसांत हार्ट अटॅक. डॉक्टरांनी समुद्रावरचं काम कायमचं बंद केलं. घरात दोन शाळकरी मुली, आणि सगळा भार ताईंच्या शिलाई मशीनवर. अपंगत्वाची भरपाई मागितली, तर कंपनी म्हणते, आजार घरी झाला, जहाजावर नाही. पुरावा काय? यशपालचीच सही! उतरताना फॉर्मवर त्याने लिहून दिलं होतं, 'तब्येत ठीक, तक्रार नाही.' का लिहिलं? सगळेच लिहितात. तक्रार केली तर पुढचं जहाज मिळत नाही. कंपनीच्या वकिलांनी तर घरच्या खाण्याचं निमित्त करून आपल्या शेंगाचटणीवर ठपका ठेवला. चटणीच्या बचावासाठी मी चार पानं लिहिली. ती वाया गेली.

मी हात टेकले. फाइल बांधून ठेवायला दिली, तेव्हा बाईंनी यशपालला विचारलं, "बोटीवर दुखाय लागलं की गोळी कोण देतंय?"

"सेकंड ऑफिसर."

"मग त्यानं लिवून ठेवलं आसंल की. न लिवता गोळी देतंय व्हय कुणी?"

मला हसू आलं. जहाजावरची ती वही मागवायचा अर्ज त्यांनीच टाइप केला, मी न वाचता सही ठोकली. कंपनीने पुष्कळ आढेवेढे घेतले, पण शेवटी जहाजावरची औषधांची वही आलीच. तिच्यात यशपालच्या नावावर अकरा नोंदी होत्या: छातीत जळजळ, पित्ताची गोळी दिली. सगळ्या भर समुद्रातल्या, घरी यायच्या आधीच्या. दुखणं हृदयाचं, आणि हा बिचारा पित्ताच्या गोळ्या खात होता. भरपाई मंजूर झाली. वर्तमानपत्रात फोटो माझा आला. तेव्हा मी गप्प बसलो, याची मला आजही लाज वाटते.

आज सकाळी बाईंनी कामं सोपवताना आमची वही माझ्या हाती दिली. मी सवयीने एक पित्ताची गोळी मागितली. मिळाली नाही. यंदा माझ्या नावावर तेवीस नोंदी झाल्यात, हे त्यांनी पानं उलटून दाखवलं. मी म्हटलं, काही नाही हो, ठणठणीत आहे. आणि तोऱ्यात वहीत लिहूनही टाकलं, 'तब्येत ठीक, तक्रार नाही.'

बाईंनी चष्मा वर सरकवला. "यशपालनंबी आसंच लिवलं हुतं, सायेब."



तर मंडळी, साडेसहाला हृदयाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर आहे. तो बाईंनीच लावलाय. दारात यशपाल रिक्षा थांबवून उभा आहे आणि माझ्याकडे बघून घड्याळावर बोट ठेवतोय. अध्यक्षांचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, आणि पंगत सोडून चाललोय, दोन्हीबद्दल मोठ्या मनाने क्षमा करा. माझं ताट यशपालच्या मुलींना वाढा.

आणि बाई, ती सकाळची ओळ मी खोडली आहे. खाली 'छातीत दुखतं' असं लिहून सही केली आहे. तुम्ही एकदा बघून घ्या.