सुधारलेला हात

(चित्रकलेच्या वर्गाची खोली. स्टँडवर एका जुन्या, गाजलेल्या चित्राची छापील प्रत: खुर्चीत बसलेली बाई. शेजारी तिची तैलरंगातली नक्कल.)

मास्तर : साहेब, मूळ बाईचा हात मांडीवर टेकलाय. तुमच्या बाईचा हवेत का?

मोजणीदार : मूळ हातच चुकलाय. पट्टी लावली मी. तीन बोटं जास्त भरतो. बत्तीस वर्षं जमिनी मोजल्यात, मास्तर.

मास्तर : म्हणून हात कापलात?

मोजणीदार : दुरुस्त केला. मग तो मांडीपर्यंत पोचेना, म्हणून मांडी वर घेतली. तरी थोडं अंतर राहिलंच. मग खुर्ची बुटकी दिसायला लागली, म्हणून...

मास्तर : खुर्चीचे पाय वाढवलेत. आता बाई उडी मारायच्या बेतात आहे! नकलेलाही अक्कल लागते म्हणतात. तुम्ही जरा जास्तच लावलीत. हे रविवारच्या प्रदर्शनात लागणार नाही.

मोजणीदार : असं कसं? व्याह्यांना बोलावलंय मी! निवृत्त झालो म्हणून माश्या मारत बसलो नाही, हे दिसू दे की त्यांना.

मास्तर : वरचा रंग ओला आहे. टर्पेंटाइनची चिंधी घ्या आणि पुसा. खालचा तपकिरी थर वाळलाय, तो राहील. त्यावर पुन्हा रंगवा.

मोजणीदार : रविवारपर्यंत होईल?

मास्तर : एकेक थर वाळायला हवा. महिना धरा.

मोजणीदार : मग नाही पुसणार.

बायको : आत येऊ का? अहो, चष्मा घरीच विसरलात. हा घ्या, निघताना पिशवीत टाकला होता. बाजारातून परस्पर आले, दोन जिने चढून.

मास्तर : म्हणजे मोजणी चष्म्याशिवाय झाली?

मोजणीदार : पट्टीवरचे आकडे मोठे आहेत.

बायको : चित्रातली ही कोण हो?

मास्तर : दिवसभर राबून आत्ता कुठे टेकलेली बाई, काकू. दमलं की खांदा उतरतो, हात सैल पडतो. लांब दिसतो.

मोजणीदार : काहीतरीच. मी तर कधी पाहिला नाही असा हात.

बायको : तुम्ही कुठून बघणार!

मोजणीदार : बरं, तूच बस त्या खुर्चीत. पिशवी ठेव खाली. हात... नको, मुद्दाम ठेवू नकोस. पडेल तसा पडू दे.

बायको : हा असा?

(मोजणीदार चष्मा लावून तिचा हात बघतो, मग छापील चित्रातला.)

मास्तर : काय झालं? पट्टी देऊ?

मोजणीदार : नको. चिंधी द्या.

बायको : अहो, काय बघायचं ते लवकर बघा. मला बसून राहायची सवय नाही.